इंग्रजीतील चालू वर्तमानकाळ नेमका कुठे वापरावा?

प्रश्न:
बोलण्याच्या क्षणी सुरू असलेल्या क्रियेसाठी चालू वर्तमानकाळ वापरतात, असे व्याकरणात शिकवले जाते. मग ‘आय ॲम मीटिंग हर टुमॉरो’ हे वाक्य उद्याच्या भेटीविषयी असूनही बरोबर कसे, आणि ‘आय ॲम नोइंग द आन्सर’ मात्र चूक का, हे कृपया कोणी स्पष्ट कराल का?

प्रतिसाद १:
पहिल्या वाक्यातील भेट आधीच ठरलेली आहे, आणि ठरवून ठेवलेल्या कार्यक्रमासाठी इंग्रजीत हा काळ सर्रास चालतो. मात्र ‘इट इज रेनिंग टुमॉरो’ असे म्हणत नाहीत, कारण पाऊस कोणी ठरवून पाडत नाही. तिथे ‘इट इज गोइंग टू रेन’ म्हणावे लागते.

प्रतिसाद २:
दुसऱ्या वाक्यातील ‘नो’ हे क्रियापद घडामोड नव्हे, तर स्थिती दाखवते, ‘बिलाँग’चेही तसेच. अशा क्रियापदांच्या याद्या पाठ करण्याचा माझ्या मते फारसा उपयोग नाही, कारण एकच क्रियापद दोन्हीकडे आढळते: ‘आय थिंक ही इज राइट’ हे मत झाले, तर ‘आय ॲम थिंकिंग अबाउट इट’ म्हणजे विचार अजून चालू आहे. ‘ही इज रूड’ म्हटले की स्वभावावर शिक्का बसतो. ‘ही इज बीइंग रूड’ म्हटले तर दोष फक्त आत्ताच्या वागण्याला जातो.

प्रतिसाद ३:
एक पुरवणी. ‘ऑल्वेज’ सहसा साध्या वर्तमानकाळासोबत येते, पण ‘शी इज ऑल्वेज लूझिंग हर कीज’ या वाक्यात बोलणाऱ्याचा वैताग बहुधा चालू काळामुळेच जाणवतो.