चांदी सगळ्यांचीच होत नाही
'रुपया घसरला की परदेशातल्यांची चांदी' असं बरेच जण म्हणतात, कारण तेवढ्याच परदेशी पगाराचे जास्त रुपये मिळतात. डॉलर-दिरहॅमवाल्यांपुरतं मान्य. दिरहॅम, म्हणजे दुबईचं चलन, 1997 पासून डॉलरला 3.6725 वर बांधलेला आहे, त्यामुळं रुपया डॉलरपुढं पडला की दुबईतल्या आमच्या शेजाऱ्याचा पोरगा आपोआप वर. पण माझा मावसभाऊ जपानात आहे. त्याचं ऐका.

त्यानं कोल्हापुरात राजारामपुरीत फ्लॅट घेतला, हप्ता महिना 35 हजार. 2021 च्या सुरुवातीला एक येन (जपानचं चलन) साधारण 70 पैशांना होता, म्हणजे 50 हजार येनमध्ये काम भागायचं. 2024 च्या जुलैत डॉलरला 160 येन झाले आणि तोच येन आला 52 पैशांवर. हप्ता तेवढाच, पण त्यासाठी लागले 67 हजार येन! पगार काही त्या मानानं वाढला नाही. वर जपानात तेल, गॅस, धान्य बाहेरून येतं, येन पडला की ते महाग, म्हणजे घरखर्चही चढला. दोन्हीकडनं मार.

इकडं मावशी रुसलेली. "पयलं जास्त पाठवत होतास, आता काय झालं रं?" बिचारा येन तेवढेच पाठवत होता. शेवटी तिच्या स्वयंपाकघरात बसून, दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर मी गुणाकार करून दाखवला, तेव्हा पटलं.

तेव्हा रुपया डॉलरपुढं किती पडला ते सोडा, पगाराच्या चलनापुढं काय झालं ते बघा. मावशी तर आता गुजरीतल्या सोन्याच्या भावाबरोबर येनचा भावही विचारते.