मुलगी कायम तिकडचीच का?

सिनेमातल्या भारत-पाक प्रेमकथांनी दोन देशांमधली कटुता कमी होते असं म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. गदर (2001) घ्या नाहीतर वीर-झारा (2004), हिरो आपला आणि मुलीचं घर तिकडे, म्हणजे सून आपल्याकडे येणार, मग प्रेक्षकांचा अभिमान शाबूत! उलटं झालं की बघा, राझी (2018) मध्ये मुलगी आपली, नवरा पाकिस्तानी, तर ती हेर म्हणूनच जाते. हिना (1991) मात्र मला मनापासून आवडतो. आपल्या चेंबूरच्या आरकेचा, म्हणजे राज कपूर यांच्या चित्रसंस्थेचा सिनेमा, पण हिरॉईन झेबा बख्तियार पाकिस्तानची आणि संवादही तिकडच्याच हसीना मोईन यांचे, म्हणून हिनाच्या घरची माणसं परकी वाटतच नाहीत, शेजारची वाटतात. असं एकत्र काम परत व्हायलाच हवं.