पहिला खर्डा भिकार असला तरी चालतो का?

रफवही:
दिवाळी अंकाला कथा द्यायची होती. जूनपासून पहिलंच वाक्य घासत बसलेले. "पाऊस पडत होता" का "पाऊस पडतच होता", या एका 'च'पायी आठवडा गेला, खोटं नाही सांगत. मग एका रात्री वैतागून मुलाची जुनी रफ वही घेतली आणि मागच्या पानापासून उलटं लिहीत सुटले, खाडाखोड नाही, गावाचं नाव सुचलं नाही तिथे नुसती फुली, आत्याचं नाव मधेच बदललं तरी मागे बघितलं नाही, आणि पाच रात्रींत शेवट आला. भिकार होतं सगळं! पण तेव्हा कुठे कळलं की गोष्ट आत्याची नाहीचे, तिच्या बंद पडलेल्या शिलाई मशीनची आहे. पावसाचा परिच्छेद तर आख्खा उडाला. म्हणून म्हणते, पहिला खर्डा मुद्दाम वाईट लिहावा.

निवृत्त मुद्रितशोधक:
ताई, 'मुद्दाम'ला माझा आक्षेप. दिवाळी अंकांची प्रुफं वाचण्यात हयात गेली. नायिका पान तीनवर विधवा आणि पान नऊवर नवऱ्याला डबा भरून देतेय. लेखकाला फोन केला तर म्हणे फ्लो आहे सर, हात लावू नका. आमच्या कोल्हापुरात खर्डा म्हणजे मिरचीचा, तो ओबडधोबडच चांगला लागतो. कथेचं तसं नसतं.

रफवही:
अहो काका पण तशीच पाठवा असं कुठे म्हटलं मी? चार वेळा फेअर केलीये.

पारावरचा:
चार वेळा कशाला? नेमाड्यांनी 'कोसला' पंधरवड्यात लिहून काढली, 1963 साली. आणि एकनाथांना तर ज्ञानेश्वरीसुद्धा शुद्ध करावी लागली, म्हणजे पहिला खर्डा कुणाचाही कच्चाच की.

निवृत्त मुद्रितशोधक:
गल्लत करताय राव. नाथ स्वतःच सांगतात की ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठांतरं होता होता बिघडला. शके 1506 मध्ये म्हणजे 1584 ला त्यांनी प्रत शुद्ध केली आणि वर दम भरला की यात कुणी आपली ओवी घुसडली तर ती अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवल्यासारखी. याला प्रूफरीडिंग म्हणतात, आमचा धंदा! नेमाड्यांचं म्हणाल तर पंचविशीतला माणूस, पुण्यातली कॉलेजची वर्षं डोक्यात आधीच मुरलेली असणार, ती पंधरवड्यात कशी मोजता?

मात्रामोजी:
काकांशी अर्धी सहमत. मी गझल लिहिते, कागदावर कच्चं काही नसतंच, लोकलमध्ये उभ्या उभ्या बोटांवर मात्रा मोजत शेर पाडते आणि बोरिवलीपर्यंत त्यातले चार टाकून देते. खाडाखोड दिसत नाही म्हणून झालीच नाही असं थोडंच आहे? पण कथेला हे कसं जमेल देव जाणे, एवढं लांबलचक डोक्यात ठेवणार कोण. तिथे रफ वहीच पाहिजे.

पारावरचा:
बरं, नाथांचं मागे घेतो. कोसलाचं नाही.

निवृत्त मुद्रितशोधक:
चालेल. ताई, अंकाला द्यायच्या आधी मला दाखवा, फुल्या राहिल्यात का बघतो.

रफवही:
एक राहिलीये काका. आत्याच्या सासरच्या गावाला अजून नाव सापडत नाहीये.