परदेशातली पार्टटाइम नोकरी आणि टॅक्स: आपापल्या देशाचं लिहा

नांदेड, लातूर, संभाजीनगरकडची पोरं ऑगस्ट-सप्टेंबरात विमानात बसतात आणि पहिला पगार पडला की घरच्या ग्रुपवर प्रश्न येतो: एवढे पैसे कशाचे कापले? ज्यांना आपापल्या देशातलं पक्कं माहीत आहे त्यांनी लिहा. किस्से नकोत. फॉर्म, आकडे, आणि नेमकं कुठं चुकतं तेवढं.

मूळ परभणी, सध्या टेक्सास
एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर पहिली ५ कॅलेंडर वर्षं तुम्ही टॅक्ससाठी नॉनरेसिडेंट, म्हणजे अनिवासी. ऑगस्ट २०२३ ला उतरलात तरी २०२३ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे २०२७ पर्यंत. एक डॉलर कमावला नसला तरी फॉर्म ८८४३ (विद्यार्थी म्हणून अनिवासी असल्याची माहिती) भरायचाच. कमाई असेल तर सोबत १०४०-एनआर (नॉनरेसिडेंटचं टॅक्स रिटर्न), १५ एप्रिलपर्यंत. टर्बोटॅक्समध्ये (रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर) १०४०-एनआर होत नाही. फुकट आहे म्हणून त्यात साधा १०४० (रेसिडेंटचा फॉर्म) भरून मोकळं होणं, ही सगळ्यात मोठी चूक.

भारत-अमेरिका टॅक्स कराराच्या कलम २१ मुळं आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजावट) मिळतं, इतर बहुतेक देशांच्या पोरांना नाही. २०२५ साठी ते १५,७५० डॉलर. कॅम्पसच्या नोकरीत एवढी कमाई क्वचितच होते, त्यामुळं कापलेला फेडरल टॅक्स बहुधा सगळा परत येतो.

आता डब्ल्यू-२ (मालक देतो तो वर्षाच्या पगाराचा आणि कपातीचा कागद) हातात घ्या. बॉक्स ४ आणि बॉक्स ६ रिकामे पाहिजेत. ९,००० डॉलर पगारावर तिथं ५५८ आणि १३०.५० दिसत असतील तर सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन, ६.२ टक्के) आणि मेडिकेअर (सरकारी आरोग्यविमा, १.४५ टक्के) चुकून कापलेत. हे रिटर्नमधून परत येत नाही. आधी पेरोलवाल्यांना सांगा. त्यांनी हात वर केले तर परतावा मागायला फॉर्म ८४३ आणि ८३१६, सोबत डब्ल्यू-२, आय-२० (कॉलेजनं व्हिसासाठी दिलेला फॉर्म) आणि व्हिसाची प्रत. टेक्सासात राज्याचा टॅक्स नाही, पण बऱ्याच राज्यांत वेगळं रिटर्न लागतं.

मूळ लातूर, सध्या मँचेस्टर
इथलं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. आपल्याकडं पाडव्याला सालगड्याचं साल बदलतं, तसंच धरा. वर्षाला १२,५७० पौंड करमुक्त, म्हणजे महिन्याला साधारण १,०४७. पे-स्लिपवर टॅक्स कोड १२५७एल पाहिजे. बीआर असेल तर पहिल्या पौंडापासून २० टक्के: ८०० च्या पगारातून १६० गेले, जिथं शून्य जायला पाहिजे होते. कारण बहुतेक वेळा एकच, स्टार्टर चेकलिस्टमध्ये (नोकरीला लागताना भरायचा फॉर्म) चुकीच्या खोक्यावर टिक. जुनी नोकरी सोडताना पी४५ (तोवरचा पगार आणि टॅक्स दाखवणारा कागद) घ्या, नवीन ठिकाणी द्या. जादा कापलेलं मागायला ४ वर्षं मुदत आहे.

मूळ जालना, सध्या आखेन, जर्मनी
थोडक्यात. २०२६ मध्ये मिनीजॉबची (छोटी पार्टटाइम नोकरी) मर्यादा महिन्याला ६०३ युरो. त्याहून जास्त पगाराचे वर्कस्टुडंट (शिकता शिकता नोकरी करणारे) असाल तर ९.३ टक्के पेन्शन कापतात, ती टॅक्समध्ये धरू नका. दुसरी नोकरी घेतली की तिला टॅक्स क्लास ६ (सगळ्यात जास्त कपातीचा गट) लागतो आणि पगार बघून दचकायला होतं. वर्षाचं उत्पन्न १२,३४८ युरोच्या आत असेल तर एल्स्टरवर (सरकारी टॅक्स पोर्टल) रिटर्न भरून तो टॅक्स परत घेता येतो.

मूळ बीड, सध्या मेलबर्न
टीएफएन (टॅक्स फाइल नंबर, आपल्या पॅनसारखा) आल्यावर लगेच मालकाला द्या, नाहीतर ४७ टक्के कापतील. कोर्स ६ महिन्यांपेक्षा मोठा असेल तर सहसा रेसिडेंट धरतात, मग १८,२०० डॉलर करमुक्त. रिटर्न ३१ ऑक्टोबरपर्यंत. सुपर (मालकानं भरायचा निवृत्ती फंड) १२ टक्के, पगाराच्या वर. देश सोडून व्हिसा संपला की मागता येतं, पण ३५ टक्के कापूनच. रोख पगार देणाऱ्याकडं सुपरही बुडतं, बरं का.

संभाजीनगर, सीएकडे काम
इकडचं एक राहिलं. घरून वर्षात १० लाखांवर फी पाठवली तर वरच्या रकमेवर बँक टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतलेला टॅक्स) घेते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशावर नाही. वडिलांचं उत्पन्न शेतीचं, म्हणून रिटर्न कधी भरलेलंच नसतं. तो टीसीएस मात्र रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाही. पाठवताना पॅन कुणाचं दिलंय ते बघा, क्रेडिट त्याच पॅनवर दिसतं.