मदत हवी आहे: चिकन नगेट्सच्या पाकिटावरचा तक्ता नेमका कसा वाचायचा?

गोकुळपेठ_स्वयंपाक
आठ वर्षांच्या मुलाच्या शाळेच्या डब्यासाठी आणि मधुमेह असलेल्या सासऱ्यांच्या संध्याकाळच्या खाण्यासाठी फ्रोझन ब्रेडेड चिकन घ्यायचं आहे. दोन पाकिटांत अडलंय. १०० ग्रॅमचे आकडे असे:

नगेट्स: २४५ किलोकॅलरी, प्रथिनं १२ ग्रॅम, कर्बोदकं २०, फॅट १३, त्यातलं सॅच्युरेटेड ४.५, सोडियम ५६० मिलिग्रॅम. चिकन ५५ टक्के.
स्ट्रिप्स: २०५ किलोकॅलरी, प्रथिनं १६, कर्बोदकं १५, फॅट ९, सॅच्युरेटेड १.९, सोडियम ४८०. चिकन ६८ टक्के.

सोया प्रोटीन दोन्हींत नाही. चिकन ५५ टक्के म्हणजे निम्म्याहून जास्त, मग प्रथिनं इतकी कमी कशी? आणि तळल्यावर हेच आकडे राहतात का?

लेबल_वाचक_मानेवाडा
ताई, सोया नाही हे सांगितलंत ते बरं झालं. असतं तर खालचा हिशोब फसला असता, कारण प्रथिनांचा आकडा सोयानेही फुगतो.

सुरुवात कर्बोदकांपासून करा. कोंबडीच्या मांसात कर्बोदकं जवळपास शून्य, म्हणजे ती सगळी कोटिंगची. मैद्यात साधारण ७५ टक्के कर्बोदकं आणि १० टक्के प्रथिनं असतात. नगेट्समधली २० ग्रॅम कर्बोदकं म्हणजे सुमारे २७ ग्रॅम मैदा, आणि त्यातून अडीच-पावणेतीन ग्रॅम प्रथिनं आली. उरली सव्वानऊ. ती ५५ ग्रॅम चिकनमधून आली असतील तर त्या चिकनमध्ये १७ टक्केच प्रथिनं आहेत. निव्वळ ब्रेस्टमध्ये २२-२३ टक्के असतात. म्हणजे या पाकिटात कातडी, चरबी किंवा मुरवताना शोषलेलं पाणी बऱ्यापैकी आहे. घटकांच्या यादीत 'चिकन स्किन' किंवा आयएनएस ४५१, ४५२ (पदार्थात मिसळलेल्या रसायनांचे क्रमांक) दिसतंय का बघा. हे फॉस्फेट मांसात पाणी धरून ठेवतात. त्याने अपाय होतो असं नाही, पण वजनात पाणी मोजलं जातं.

हाच हिशोब स्ट्रिप्सला लावा. १५ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे २० ग्रॅम मैदा, त्याची प्रथिनं दोन. उरलेली १४ ग्रॅम ६८ ग्रॅम चिकनची, म्हणजे साडेवीस टक्के. हे खरं मांस.

आता फॅट. नगेट्समध्ये १३ पैकी ४.५ सॅच्युरेटेड, म्हणजे ३५ टक्के. पामोलिनमध्ये, म्हणजे पाम तेलात, सॅच्युरेटेड फॅट जास्त असतं, त्यामुळे एवढं प्रमाण आलं की कारखान्यात त्यात तळलंय आणि कातडीची चरबीही आहे असं समजायला हरकत नाही. स्ट्रिप्समध्ये ते २१ टक्के आहे, पामोलिनमध्ये तळलं असतं तर इतकं खाली आलं नसतं. दोन आकड्यांचा भागाकार आहे, दुकानात उभ्या उभ्या होतो.

तेल_मोजणारा
तळल्यावरचं मी सांगतो. तक्ता पाकिटातल्या गोठलेल्या मालाचा असतो, तुमच्या कढईनंतरचा नाही. किती तेल मुरलं ते मोजता येतं: डिजिटल काट्यावर कढई तेलासकट तोला, २०० ग्रॅम नगेट्स तळा, तेल निवलं की गाळून त्यातला चुरा काढा, तेल परत कढईत ओतून पुन्हा तोला. फरक ३० ग्रॅम आला, तर १०० ग्रॅम नगेट्समागे १५ ग्रॅम तेल, म्हणजे १३५ किलोकॅलरी वाढल्या. २४५ चे थेट ३८०.

जास्त तेल पितात त्याचं कारण बहुतेक वेळा एकच, एकदम दहा-बारा टाकणं. गोठलेल्या तुकड्यांनी तेल थंड पडतं, १७५ वरून १४० अंशांवर येतं, वाफ जोरात बाहेर पडत नाही आणि तेल आत शिरतं. चार-पाचच टाका. आधी वितळवू नका, कोटिंग ओलं होऊन सुटतं आणि चुरा तळाशी जळतो. एअर फ्रायर असेल तर २०० अंशांवर १० ते १२ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. वरून तेल लागत नाही, ते कारखान्यातच लागलेलं असतं. पाकिटावर 'रेडी टू कुक' असेल तर रंग सोनेरी दिसला तरी आतलं मांस कच्चं असू शकतं. मधोमध ७४ अंश व्हायला हवं.

गोकुळपेठ_स्वयंपाक
फारच उपयोगाचं, दोघांचेही आभार. म्हणजे स्ट्रिप्स. सासऱ्यांना किती चालतील? आणि मुलाला मिठाचं?

आहार_सल्ला_सदर
सासऱ्यांसाठी: १०० ग्रॅम स्ट्रिप्समधली १५ ग्रॅम कर्बोदकं म्हणजे एका मध्यम पोळीच्या पाऊण भागाएवढी. त्या संध्याकाळी जेवणातली एक पोळी कमी करा, सोबत काकडी-कांदा द्या. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना हा आकडा दाखवून मगच पोळी कमी करा.

मुलासाठी 'सर्व्हिंग'कडे लक्ष द्या. पाकिटावर तीन तुकडे, ६० ग्रॅम असं लिहिलेलं असतं, पोरं सहा खातात. नगेट्सचे १२० ग्रॅम झाले की सोडियम ६७२ मिलिग्रॅम. अडीचने गुणलं की मीठ निघतं, १.७ ग्रॅम. तक्त्यातली टक्केवारी मोठ्या माणसाच्या २००० किलोकॅलरी आणि २००० मिलिग्रॅम सोडियमवर काढलेली असते, मुलाची मर्यादा त्याहून कमी. त्यावर चमचाभर टोमॅटो केचप म्हणजे आणखी सुमारे १५० मिलिग्रॅम. केचपऐवजी दह्यात पुदिना वाटून, मीठ न घालता. प्रथिनांची ओढाताण नको: ७ ते ९ वयाला राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला सुमारे २३ ग्रॅम सांगितलंय, ते वरण, दूध, अंड्यातून सहज भरतं.

लेबल_वाचक_मानेवाडा
एक मुद्दा सुटतोय, आणि तो आकड्यांहून मोठा आहे. सकाळी सातला भरलेला डबा मुलगा साडेदहाला उघडतो. ३२ अंशांच्या वर शिजलेलं चिकन एका तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये असा नियम आहे. नागपुरात मार्चपासून जून मध्यापर्यंत हे पाळणं जमत नाही, दप्तरात तर अजिबातच. शाळेतून आल्यावर गरम करून द्या. डब्यात पोळीभाजी बरी.

दुकानातून आणताना पाकीट हाताने चाचपडा. तुकडे सुटे खुळखुळले पाहिजेत. एकमेकांना चिकटून गोळा झालेले किंवा आत बर्फाचा थर असेल, तर ते एकदा वितळून पुन्हा गोठलंय. घेऊ नका.

गोकुळपेठ_स्वयंपाक
डब्याचं डोक्यातच आलं नव्हतं. मग घरीच केलं तर आकडे किती सुधारतील?

तेल_मोजणारा
५०० ग्रॅम ब्रेस्ट, एक अंडं, ६० ग्रॅम ब्रेडचा चुरा, ३ ग्रॅम मीठ (सपाट अर्धा छोटा चमचा), आलं-लसूण, मिरपूड. १०० ग्रॅमला प्रथिनं सुमारे २०, कर्बोदकं ७, सोडियम ३०० च्या आसपास. मीठ ५ ग्रॅम घातलंत तर सोडियम ४४० च्या घरात जातं, म्हणजे पाकिटातल्या स्ट्रिप्सपेक्षा फारसं कमी नाही. तेव्हा मीठ अंदाजाने नको, काट्यावरच. चुरा लावून झाला की ताटात सुटे मांडून फ्रीझरमध्ये दोन तास ठेवा, मग पिशवीत भरा.