‘रिया’ म्हणजे गायिका? कुठल्या कोशात?

गोदाकाठ
काल इथे ‘मुलींसाठी छोटी, गोड, शुद्ध संस्कृत नावं, अर्थासहित’ अशी यादी कुणीतरी टाकली. रिया म्हणजे गायिका, मायरा म्हणजे प्रिय, कियारा म्हणजे तेज, आणि सगळी म्हणे संस्कृत. रविवारी भाचीचं बारसं आहे आणि आत्या मी एकटीच, म्हणून आपट्यांचा संस्कृत कोश काढून बसले. रिया नाही, मायरा नाही. मायरा हे नाव फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीच्या कवितांतून रूढ झालं. कियारा म्हणजे इटालियन ‘क्यारा’, लॅटिन ‘क्लारा’वरून आलेलं. कियाराचा अर्थ बरोबर, कूळ साफ खोटं.

परदेशी नाव खुशाल ठेवा, पण त्याला ऋषीमुनींचं गोत्र कशाला चिकटवता? आणि आपल्या घरात काय कमी आहे? सखी झिजत झिजत सही झाली, सहीची सई झाली. जाई आली ‘जाती’वरून, जुई ‘यूथिका’वरून. इरा म्हणजे पाणी, अन्न. रेवा म्हणजे नर्मदा. उमेची गोष्ट तर कालिदासाने कुमारसंभवात सांगितली आहे: लेक तपाला निघाली तेव्हा आई कळवळून म्हणाली, ‘उ, मा!’ अगं, नको. तेच तिचं नाव पडलं. दोन अक्षरांत आईचा जीव आहे हो!

वाशिष्ठीकर
मी एका रियाचा बाप. पोर सात वर्षांची आहे. बायको दोन दिवस कळा देत होती. पोर हातात आल्यावर तिच्या तोंडून जे नाव निघालं ते ठेवलं. तेव्हा आम्ही कोश उघडायला हवा होता का? माझ्या पणजीचं नाव धोंडी. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून हिला दगडाचं नाव दिलं, की ही तरी टिकावी. ती ब्याण्णव वर्षं जगली आणि सगळं गाव तिला मान द्यायचं. माणूस नावाला अर्थ देतो, कोश देत नाही.

माणदेशी लेक
वाशिष्ठीकर, अर्थाला किंमत नाही असं म्हणू नका. आमच्या सातारा जिल्ह्यात तिसरी-चौथी मुलगी झाली की ‘नकुशी’ नाव ठेवायचे. २०११ च्या ऑक्टोबरात अशा २८५ मुलींची नावं जिल्हा परिषदेने समारंभ करून बदलली. माझ्या वर्गात एक नकुशी होती. हजेरीला तिचं नाव आलं की ती मान खाली घालून ‘हजर’ म्हणायची. तिला सांगाल का, की अर्थ कोशात नसतो?

वेणूची नात
नाव बदलण्याचा विषय निघालाच आहे तर बोलते. माझी आजी वेणू. चौदाव्या वर्षी लग्न झालं, ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने ‘सरस्वती’ लिहिलं, आणि वेणू संपली. साठ वर्षं कुणी त्या नावाने हाक मारली नाही. शेवटी तिला काही आठवेनासं झालं तेव्हा ‘सरस्वतीबाई’ म्हटलं की ती दुसरीकडे बघायची. मी एकदा ‘वेणू’ म्हटलं, तर ‘ओ’ दिली. तुम्ही बारशाला महिनाभर अर्थ शोधता आणि तेच नाव लग्नात एका ताटात पुसता, त्याचं काय?

जुना वाडा
प्रत्येक प्रथेत अन्याय शोधायचा नसतो. माझ्या आईचंही नाव बदललं. वडिलांनी हौसेने निवडलं होतं, तिला आवडायचं.

वेणूची नात
तिला विचारून निवडलं होतं?

जुना वाडा
माझ्या आईवर जाऊ नका. तुम्हाला आमच्या घरातलं काय माहीत?

वेणूची नात
प्रश्न साधा होता. राग आला, म्हणजे उत्तर तुम्हालाही ठाऊक आहे.

माणदेशी लेक
वेणूची नात यांच्याशी शंभर टक्के सहमत. माझ्या आईचं माहेरचं नाव मला दहावीला समजलं, तेही एका जुन्या पत्रावरून. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदपत्रांत आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं. निदान ते तरी झालं.

जुना वाडा
रात्री आईला फोन केला. विचारलं नव्हतं म्हणाली. आवडतं, हेही म्हणाली. दोन्ही लिहितो, आता मला पुन्हा छेडू नका.

गोदाकाठ
धागा बारशाचा होता, लग्नात शिरला. असो, वेणूआजींचं वाचून मीही थांबले होते. पण वाशिष्ठीकर, माझं म्हणणं तिथेच आहे. लेक उद्या अर्थ विचारेल तेव्हा ‘गायिका’ सांगू नका, ते खोटं आहे. आईच्या तोंडून आलं म्हणून ठेवलं, हे सांगा. आणि अर्थच हवा असेल तर स्पॅनिशमध्ये ‘रिया’ म्हणजे समुद्राचं पाणी आत शिरलेलं नदीचं मुख. भूगोलात ‘रिया किनारा’ म्हणतात तो त्यावरूनच.

वाशिष्ठीकर
म्हणजे खाडी?

गोदाकाठ
जवळपास खाडीच.

वाशिष्ठीकर
आमचं घर दाभोळच्या खाडीवर आहे. भरतीला पाणी मागच्या पायरीला लागतं. कोशाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण हा अर्थ ठेवून घेतो, उद्या सकाळी तिला पायरीवर नेऊन सांगतो. तुमच्या भाचीचं काय ठरलं?

गोदाकाठ
रोहिणीचं पहिलं चरण, अक्षर ‘ओ’ आलंय. वहिनीला ‘ओजस्वी’ हवंय. मी ‘ओवी’वर अडून बसले आहे.