सिक्स्थ फॉर्मच्या भेटीसाठी शिकवणी? माझं मत: अजिबात नको

थेम्सकाठचा

गेल्या शनिवारी एकांकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायको वाण घेऊन आली: स्टीलची गाळणी, आणि गाळणीसोबत एका 'इंटरव्ह्यू कोच'चा नंबर. तासाला ४५ पौंड, पाच तासांचं पॅकेज, ओळखीचा एक तास फुकट.

मुलगा इयर ११ ला आहे, म्हणजे आपल्याकडची दहावी. जीसीएसई, म्हणजे इथली दहावीची परीक्षा, मे-जूनमध्ये, त्याआधी मार्चात दोन सरकारी शाळांत सिक्स्थ फॉर्मसाठी भेट. (भारतातल्या वाचकांसाठी: सिक्स्थ फॉर्म म्हणजे इंग्लंडातली अकरावी-बारावी. बहुतेक मुलं तीन विषय घेतात. आत्ता मिळतो तो 'अमुक ग्रेड पडल्या तर' असा सशर्त प्रवेश. खरं काय ते ऑगस्टमधल्या एका गुरुवारी निकाल लागला की कळतं.)

फुकट म्हणून तो तास केला. रात्री जेवताना सहज विचारलं, "केमिस्ट्रीच का रे?" पठ्ठ्याने घास गिळला, पाठ ताठ केली आणि म्हणाला, "आय हॅव ऑल्वेज बीन पॅशनेट अबाउट..." धाकटीला ठसका लागला.

हाच मुलगा सात वर्षांचा असताना, शर्टावरचा वरणाचा डाग साबण लावल्यावर लाल का झाला म्हणून अर्धा तास बाथरूममधून बाहेर येत नव्हता. हळदीला चुना लावून कुंकू करतात, हे आजीने फोनवर सांगितलं तेव्हा त्याला ती जादूच वाटली होती. तासाभरात त्याचा 'पॅशनेट' झाला.

बरं, गरज तरी आहे का? इंग्लंडच्या स्कूल ॲडमिशन्स कोडमध्ये (२०२१ चा) सरळ लिहिलंय की शाळांनी प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची मुलाखत घ्यायची नाही. सिक्स्थ फॉर्मला विषयांबद्दल बोलायला भेट घेता येते, पण प्रवेश द्यायचा की नाही हे त्या भेटीवर ठरवता येत नाही. मग २२५ पौंड कशाचे? आपण क्लासच्या सवयीने इथेही क्लास काढतोय, एवढंच.

गोदाकाठ

तुमचा मुलगा इथेच जन्मला का हो? माझी मुलगी नाशिकहून थेट इयर ९ मध्ये आली. इंग्रजी माध्यम, व्याकरण पक्कं. पण तिच्या शाळेत बाईंनी प्रश्न विचारला की उभं राहून उत्तर द्यायची पद्धत. सिक्स्थ फॉर्मच्या पहिल्या भेटीत सरांनी काहीतरी विचारलं आणि ही खुर्चीवरून उठली. ती निघाली असं वाटून सरही उठले, हात पुढे केला. हिने हात मिळवला आणि बाहेर आली! तीन मिनिटं.

शिवाय सरांचा उच्चार लिव्हरपूलकडचा. दोनदा 'सॉरी?' म्हटल्यावर तिसऱ्यांदा विचारायची तिला लाज वाटली आणि जे समजलं नाही त्यालाही तिने 'येस' म्हटलं.

दुसऱ्या कॉलेजच्या आधी मी तिला चार तास शिकवणी लावली. पाठांतर नव्हतं त्यात. बसून बोलायचं, समजलं नाही तर 'पुन्हा सांगता का' कसं म्हणायचं, विचार करायला दहा सेकंद गप्प बसलं तरी चालतं, एवढंच. ज्यांच्या घरी हे सगळं हवेतच असतं त्यांनी 'अजिबात नको' म्हणणं सोपं आहे.

हिशेबी_बाप

गोदाकाठताईंना अनुमोदन. आणि थेम्सकाठचे, तुमचा कायदा अर्धाच आहे. तो कोड शाळांना लागू. स्वतंत्र सिक्स्थ फॉर्म कॉलेजं त्यात येत नाहीत, खाजगी शाळाही येत नाहीत. खाजगी शाळेत शिष्यवृत्ती मागायला गेलात की मुलाखतीला वजन असतं, तेही उघडपणे.

पुढचं बघा. दोन वर्षांनी मेडिसिनला अर्ज केला तर बऱ्याच ठिकाणी एमएमआय, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांची मुलाखत. घंटा वाजली की पुढचा परीक्षक, नवा प्रश्न. खाजगी शाळांतल्या पोरांचा असला सराव फीमध्येच होतो, त्याला कुणी शिकवणी म्हणत नाही. आपण तोच विकत घेतला की 'क्लासची सवय'. आमच्याकडे व्हायोलिनला वर्षाला याच्या तिप्पट जातात आणि अजून 'ट्विंकल ट्विंकल'च ऐकू येतं.

बाराखडी

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. मिडलंड्समधल्या एका कॉलेजात गणित शिकवते, जानेवारी ते मार्च अशा भेटी घेते. प्रत्येकी पंधरा मिनिटं. समोर अर्ज आणि शाळेने कळवलेल्या अपेक्षित ग्रेड.

पाठ केलेलं उत्तर दुसऱ्या वाक्याला कळतं. मूल माझ्याकडे न बघता माझ्या मागच्या घड्याळाकडे बघायला लागतं. मी मध्येच तोडते आणि विचारते, "या आठवड्यात गणितात काय चाललंय?" निम्मे इथेच अडकतात. 'रेझिलियन्स'वर दोन मिनिटं बोललेल्या मुलाला चालू धड्याचं नाव आठवत नाही.

मागे एक मुलगी म्हणाली, "वर्तुळाची प्रमेयं चाललीत, मला नाही आवडत. नुसती पाठ करायला सांगतात, का ते सांगत नाहीत." मी तिच्याच अर्जाच्या मागे वर्तुळ काढलं, स्पर्शिका काढली, म्हटलं चल, बघू. एक कोन तिने काढला, एकावर अडली, जीवा खोडून व्यास काढला आणि 'ओ!' म्हणाली. बाहेरचं कुटुंब दारावर टकटक करायला लागलं तोवर आम्ही तेच करत होतो. ऑक्सफर्ड-केंब्रिजला डिसेंबरात विषयाचे प्राध्यापक साधारण असंच करतात: अनोळखी प्रश्न पुढे टाकायचा आणि मूल मोठ्याने विचार कसं करतं ते ऐकायचं. तिथले नमुना प्रश्न ऑक्सफर्ड स्वतःच फुकट प्रसिद्ध करतं, हिशेबी_बापांनी नोंद घ्यावी.

आता तक्रार. फर्दर मॅथ्स (नेहमीच्या गणितावरचा जादा गणिताचा विषय) धरून चार विषय मागणाऱ्या मुलाला मी 'ही कल्पना कुणाची?' असं विचारते, तेव्हा मूल डावीकडे बघतं. डावीकडे बाबा असतात. बाबाच उत्तर देतात. बाबांनी जरूर यावं, पण तोंड शिवून. 'गणितात ग्रेड ७ नाही पडली तर काय?' (जीसीएसईला ९ सगळ्यात वरची) या प्रश्नावर तर बाबांचा चेहरा असा होतो की मीच काहीतरी अभद्र बोलले.

थेम्सकाठचे, ती हळदीची गोष्ट कृपा करून त्याला सांगायला लावू नका. तुम्ही तीही पाठ करून घ्याल. वर आमची केमिस्ट्रीवाली सहकारी विचारेल, "मग रेणूत नेमकं काय बदलतं?" आणि पोरगा तुमच्याकडे बघेल.

थेम्सकाठचा

बाराखडीताई, लागलं. कालच बायकोला म्हणालो होतो, हळदीचं सांगू दे त्याला.

गोदाकाठ, तुमच्या मुलीचं वाचून 'अजिबात' हा शब्द मागे घेतो. पण तुम्ही लावलीत ती मुलाखतीची शिकवणी म्हणायची का? ती तर नव्या देशात बसायची-बोलायची शिकवणी.

गोदाकाठ

नाव काहीही द्या, पैसे मीच मोजले. आणि तिला जागाही मिळाली.

सदाशिव_६८

पुण्यातून लिहितोय, विषयांतर वाटलं तर सोडून द्या. आमच्या वेळी अकरावीची यादी कॉलेजच्या फळ्यावर लागायची. गर्दीत टाचा उंच करून नाव शोधायचं. मार्क होते म्हणून सायन्स मिळालं. का, कशासाठी, कुणी विचारलं नाही. मला पहिल्यांदा 'का' विचारलं ते बावीसाव्या वर्षी बँकेच्या मुलाखतीत, आणि मी उत्तर दिलं, "वडील म्हणाले." तिघेही हसले. आता यादी ऑनलाइन लागते, नातू मोबाइलवर बघतो. 'का' अजूनही कुणी विचारत नाही. तुमच्याकडे सोळाव्या वर्षी विचारतात, आणि तुम्ही तेवढ्याच पंधरा मिनिटांना घाबरून बसलायत, याची जरा गंमत वाटली.

हिशेबी_बाप

काका, फळ्यावर निदान आकडा दिसायचा. एका मार्काने गेलं तर एका मार्काने गेलं हे कळायचं. इथे मॅडमना पोरगं आवडलं की नाही हे कुठे लिहिलेलं असतं? म्हणून तर तयारी.

बाराखडी

हिशेबी_बाप, हे मात्र तुमचं खरं आहे. बोलकं मूल मला पहिल्या मिनिटाला आवडतं, हे मी नाकारणार नाही. म्हणून मी टिपणं लिहून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचते. दोन-तीनदा असं झालंय की सगळ्यात गप्प मुलाच्या कागदावरच सगळ्यात जास्त लिहिलेलं होतं. पण सगळेच तसं करतात असं मी कशाच्या जोरावर सांगू?

उद्या_पेपर

मी १७ चा आहे, आईच्या अकाउंटवरून. मराठी टायपिंग स्लो आहे, समजून घ्या. माझा इंटरव्ह्यू सहा मिनिटं झाला. आईने तीन आठवडे प्रॅक्टिस घेतली होती, फ्रिजवर कार्डं लावून. सरांनी विचारलं, सकाळी किती वाजता निघावं लागेल आणि बस चुकली तर काय करशील. ते कार्डावर नव्हतं. मी म्हटलं, पुढची बस पकडेन. ते म्हणाले, गुड. बाकी वेळ हिस्टरी का सोडतोयस यावर बोललो. मला खरंच सोडायची नव्हती, ते बोलता बोलता कळलं. आता घेतलीय. आईला अजून पटलेलं नाही.

गोदाकाठ

आईचं बरोबर असेल हो, पण तुझंही छान झालं. आता पेपरला बस.

थेम्सकाठचे, एक फुकटचा उपाय सांगते, आमच्या शिकवणीतलाच. घरची कामं मुलाला फोनवर करायला द्या. दंतवैद्याची वेळ घेणं, बॉयलरवाल्याला बोलावणं. समोर अनोळखी माणूस, प्रश्न काय येईल माहीत नाही. तुम्ही खोलीत थांबायचं नाही.

थेम्सकाठचा

केलं. लायब्ररीत फोन करून हरवलेल्या पुस्तकाचा दंड कमी होतो का विचारायला सांगितलं. मी जिन्यात उभा होतो (खोलीत नव्हतो, नियम पाळला). पलीकडून विचारलं असावं, पुस्तक हरवलं कसं. बराच वेळ काही ऐकू येईना. मग म्हणाला, "माझ्या बाबांनी ट्रेनमध्ये ठेवलं." खरं होतं. अर्धा दंड माफ झाला.

कोचचे उरलेले तास घेतलेले नाहीत. बायको अजून माझ्याशी सहमत नाही.

हिशेबी_बाप

वहिनींना सांगा, नंबर मला पाठवा. आमची भेट १२ तारखेला आहे.